मांडीवरचा फोन

सभागृहात एसीचा गारठा होता. व्यासपीठावर वकीलबाईंनी अंगातला काळा कोट काढून शेजारच्या म्हातारीच्या खांद्यावर घातला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईच्या पोटात दुखायला लागलं.

आई म्हणजे वकीलबाईंचीच आई. सख्खी. ज्येष्ठांच्या हक्कांवरची राष्ट्रीय परिषद, हॉल गच्च भरलेला, आणि मुख्य भाषण मुलीचं. कुठल्याही आईची मान ताठ व्हावी. हिचीही झाली होती, अगदी मघापर्यंत.

"या आमच्या मावशी," वकीलबाई माइकवर सांगत होत्या. "मुलाने यांना अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं होतं. आज त्या पुन्हा स्वतःच्या घरात राहतात. आणि किल्ली त्यांच्याच कमरेला असते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनेही वाजवल्या, लोक बघतात म्हणून. मावशी म्हणे! आईला ना पुढची बहीण, ना पाठची. मग ही मावशी कुठून उपटली? आणि थंडी काय तिला एकटीलाच वाजत होती?

चहाच्या सुट्टीत नेमकी तीच मावशी शेजारी येऊन बसली. कोट अजून खांद्यावरच.

"तुम्ही बाईंच्या आई ना? नशीब काढलंत हो. लाखात एक मुलगी."

"हो ना," आई म्हणाली.

"ऑफिसात गेलं ना, की टेबलापलीकडे नाही बसत. खुर्ची ओढून शेजारी येते. आणि स्वतःचा फोन उचलून माझ्या मांडीवर ठेवते! म्हणते, बोलणं संपेपर्यंत हा तुमच्याकडे, मी मागितला तरी द्यायचा नाही. मग आधी विचारते, झोप लागते का? केसचं नंतर. माझ्याशीच नाही हो, आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांशी अशीच वागते."

आईचं बिस्किट चहात तुटून पडलं. तिचं लक्षच नव्हतं. तो फोन तिच्या चांगला ओळखीचा होता. म्हणजे त्याची पाठ ओळखीची होती. घरी जेवताना मुलीच्या तोंडापुढे तीच तर असायची.

तसं आईला कशाची ददात नव्हती. दिवसभर सोबतीला बाई, वारांप्रमाणे भरलेला गोळ्यांचा डबा, दारात गाडी. तक्रार करायची तर बोट ठेवायला जागा नाही, आणि तीच तर पंचाईत. या मावशीला निदान मुलाने घराबाहेर तरी काढलं. आईला मेलं कोणी काढेना! काय हे अभद्र मनात आणतेस, असं तिने स्वतःला दटावलं. पण हेवा तो हेवा. दटावून थोडाच जातो?

जेवणानंतर बाहेरच्या मोकळ्या जागेत मोफत सल्ल्याचं टेबल लागलं. वकीलबाई तिथे बसल्या, आणि बघता बघता म्हाताऱ्या माणसांची रांग जिन्यापर्यंत गेली. कोणी काठी टेकत, कोणी भिंतीला धरून. आई उठली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"अहो ताई!" मावशी लगबगीने आली. "तुम्ही कशाला रांगेत? सरळ पुढे जा की. तुमचीच मुलगी आहे ना?"

"सरळ गेलं की नाही भेटत ती," आई म्हणाली.

मावशी खांद्यावरचा कोट काढून आईच्या हातात द्यायला लागली. आईने मान हलवून नको म्हटलं. तिला कोट नको होता.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पाय भरून आले, तरी आई जागची हलली नाही. प्रत्येक म्हाताऱ्याच्या मांडीवर तो फोन जात होता आणि माणूस उठला की परत येत होता. मध्येच तो वाजायचा. वकीलबाई ढुंकूनही बघायच्या नाहीत. आई मात्र दर वेळी बघायची, आणि दर वेळी आतल्या आत जळायची.

शेवटी तिचा नंबर आला. वकीलबाई मान खाली घालून आधीच्या माणसाचं काहीतरी लिहून संपवत होत्या. डाव्या हाताने त्यांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली. आई बसली, तसा फोन तिच्या मांडीवर आला.

"हा तुमच्याकडे ठेवा, आजी. बोलणं संपेपर्यंत मी मागितला तरी द्यायचा नाही. झोप लागते का नीट?"

"नाही."

वकीलबाईंनी झटकन मान वर केली.

"आई? अगं, तू काय करतेयस इथे? कंटाळलीस का? थांब, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगते. तो फोन दे बघू इकडे."

तेवढ्यात फोन थरथरला. वकीलबाईंचा हात आपसूक पुढे आला. आईने दोन्ही तळहात फोनवर घट्ट दाबून धरले.

"मागितला तरी द्यायचा नाही ना? बोलणं संपेपर्यंत?"

"अगं आई, पण आपलं बोलणं सुरू तरी कुठे झालंय?"

"हीच माझी तक्रार आहे," आई म्हणाली. "घे लिहून."