उत्कर्षाची आरोळी

देवाशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. पुण्याच्या कॉलेजातली उत्कर्षा धंदा शिकायला आठ दिस माझ्याकडं पळसदेवला ऱ्हायली. माझा धंदा शेंगदाण्याच्या चटणीचा. शेवटच्या दिशी तिला चटणीच्या पाकिटांची पाटी देऊन इंदापूरच्या बाजारात बसवलं आन् बजावलं, "पाटी रिकामी झाली तरच तुज्या कॉलेजच्या कागदावर पास लिवणार."

"आजी, मला ओरडायला लाज वाटते हो."

"मग ऱ्हा नापास. मला न्हाय वाटत लाज लिवायला."

पोरगी रडकुंडीला आली. मग तिनं डोळं मिटलं आन् अशी आरोळी ठोकली, की तिकडं उजनीच्या पाण्यात बुडालेल्या देवळाची घंटा वाजली! सगळा बाजार आमच्याभवती गोळा झाला. दिस कलायच्या आत पाटी रिकामी. ती पाटी डोक्यावर पालथी घालून पोरगी नाचली, आन् मी 'पास' लिवलं.

आता देवाची शपथ घेतलीया म्हणून सांगते, एक गोष्ट खोटी हाय. घंटा न्हवं, घंटा मी ह्या कानांनी ऐकली. पाटी काय रिकामी झाली न्हवती. पोरगी पाणी प्यायला गेली, तवा उरलेली चार पाकिटं मी पदराखाली घेऊन बसले.