गाईशी बोलायची भाषा

“आलीस? प्रवास सुखाचा झाला ना? ये, बस,” बाल्बिना लेकीला म्हणाली. अगदी शुद्ध स्पॅनिशमध्ये, दारात डॉक्टर उभा असावा तशी. मग गोठ्याकडे वळून ओरडली, “काय गं माझे भवाने, पोट भरलं का न्हाई? ये गं, माझी सोनी ती!” हे मात्र अस्तुरियनमध्ये, आमच्या डोंगरातल्या घरच्या बोलीत. आणि ते होतं पिंता नावाच्या गाईला.

ही लेक म्हणजे नेलिदा. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण गाईचा हेवा करायची. हसा खुशाल, आम्हीही हसायचो. ओव्हिएदोच्या विद्यापीठात ती हीच भाषा शिकवते. रोमन लोक सोन्यासाठी आमच्या डोंगरात आले, सोनं घेऊन गेले आणि लॅटिन इथेच राहिली. मग इथल्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चघळून मऊ केली, असं ती पोरांना सांगते. काही शब्द तर रोमनांच्याही आधीचे आहेत म्हणे. हे सगळं तिने गोळा केलं पुस्तकांतून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. आईने तिला त्या भाषेत कधी साधं ‘जेवलीस का’ही विचारलं नव्हतं. हिने त्या बोलीत तोंड उघडलं की आई मान फिरवायची.

“मी काय तिची सवत आहे?” नेलिदा आमच्याकडे येऊन रडायची. आता आई शहाऐंशीची झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, आठवणींचा गुंता. आता नाही तर कधीच नाही, हे लेकीला कळून चुकलं होतं.

ऑक्टोबर होता, मका सोलायचे दिवस. जेवणं झाली आणि दरीतून धुकं वर आलं. आधी नदी गेली, मग चेस्टनटची झाडं. धान्याच्या कोठाराचे दगडी खांबही गेले आणि कोठार नुसतं हवेत तरंगत राहिलं. त्याच्याखाली बसून बाल्बिना कणसं सोलत होती, वाळत टांगायला त्यांच्या वेण्या घालत होती, मधूनच डुलक्या घेत होती.

तिला मदत करायला नेलिदा घराबाहेर आली. अंगणात घोटाभर चिखल, आणि बाईसाहेबांच्या पायांत शहरी चपला! तिने त्या काढल्या आणि दाराशी पडलेले लाकडी बूट चढवले. ते बेनिग्नाचे होते, तिच्या मावशीचे. मावशी जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते बूट उचलून टाकायचा कुणाला धीर झाला नव्हता. आमच्याकडे चेहरा दिसायच्या आधी माणूस बुटांच्या आवाजावरून ओळखतात. बेनिग्नाचा डावा बूट चिरलेला, तारेने आवळलेला होता. त्याचा आवाज अख्ख्या गावात वेगळा.

बाल्बिनाचे हात थांबले.

“बेनिग्ने? अगं बया, किती उशीर! ये, अशी माझ्याजवळ ये. गारठलीस की गं पार!”

घरच्या बोलीत.

नेलिदा जागीच उभी राहिली. आपण झोपेत चालतोय असं तिला वाटलं. मग ती हळूच आईला खेटून बसली. आईने तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले आणि बोलत सुटली. ताकाचं, सरपणाचं, मेलेल्या शेजारणीचं, काहीबाही. वहीत टिपून ठेवलेले शब्द आईच्या तोंडून ऊन ऊन बाहेर पडत होते. नेलिदाला इतकं सुख झालं की रडू आवरेना. ‘आई, मी आहे गं, नेलिदा,’ हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले.

तेवढ्यात आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल. घरात माझी पोर हाय.”

“असू दे की,” नेलिदा त्याच बोलीत पुटपुटली.

“असू दे काय? शाळेत जायला लागलीय ती आता. ह्या बोलीपायी मास्तरनं आपल्याला कसं झोडपलं, इसरलीस? हात सुजून घास उचलवत नव्हता. माझ्या पोरीला एक छडी लागू द्यायची न्हाई मला. तिला बघितलं की सगळं ओठांवर येतं गं, पण जीभ चावून गप बसते. तुला शपथ हाय, तिला सांगू नको.”

नेलिदाने डोळे पुसले.

“न्हाई सांगणार गं, ताई.”