नारळ पोहोचला

नारळी पौर्णिमेला चांगुणाबाई नाखविणीने सागर-उद्यानाच्या पायरीवरून सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ समुद्रात सोडला. तो ठक्कन फरशीवर आदळला. प्रकाशाच्या निळ्या लाटा त्याला न भिजवता वाहत राहिल्या.

“आपला नारळ समुद्रास पोहोचला. सणाच्या शुभेच्छा!” कुठूनसा गोड आवाज आला.

खरा समुद्र यंदाच भिंतीआड गेला होता. चांगुणाबाईंचा लेक मात्र उद्या त्याच समुद्रात होडी लोटणार होता. त्या पायरीवरून हलल्या नाहीत.

“आजी, पोहोचला म्हणतंय ना? सरका आता, मागे रांग आहे,” रखवालदार म्हणाला.

“भिंतीचं दार उघड.”

“पलीकडे कोणाला सोडत नाहीत. तो समुद्र धोक्याचा आहे. इथला बघा, कधी खवळत नाही!”

“अरे मुडद्या, जो खवळत नाही त्याला नारळ कशाला द्यायचा?”

त्यांनी नारळ उचलला, पदर खोचला आणि त्या भिंतीकडे चालू लागल्या. रांगेतल्या कोळिणींनी एकमेकींकडे पाहिले. मग आपापला नारळ छातीशी धरून सगळी रांग त्यांच्यामागे वळली. रखवालदार किल्ली शोधू लागला.