क्लचमधली हवा

"दाब! धरून ठेव! आता सोड!" जुन्या मोटारीखालून नानांचं ओरडणं सकाळपासून चालू होतं. क्लचच्या तेलात शिरलेली हवा तिसऱ्यांदा काढूनही पेडल पुन्हा तळालाच जाऊन बसलं.

"तू वेळेवर सोडत नाहीस," ते सुनेवर खेकसले.

पेडल दाबून दाबून हेमांगीचा पाय भरून आला होता आणि डोकंही तापलं होतं. ती खाली उतरली. "नाना, आता तुम्ही दाबा. मी खाली जाते."

नाना कुरकुरत सीटवर बसले. गाडीखाली सरकून तिनं क्लच ढकलणाऱ्या खालच्या सिलेंडरची रबरी टोपी बाजूला केली. आत साठलेलं तेल तिच्या मनगटावर ओघळलं.

"हवा कितीही काढा, नाना. सिलेंडरच गळतोय!"

नाना सीटवरून उतरले. मग ते गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले आणि त्यांनी आपला पाना तिच्यापुढे धरला.

"काढ तो सिलेंडर बाहेर," ते म्हणाले. "मी नवा घेऊन येतो."