पाठीतली नळी

शून्य ते दहात किती दुखतंय, असं सिस्टरने अब्दुलला विचारलं. त्याने स्टुलावर बसलेल्या बायकोकडे, साजिदाकडे पाहिलं आणि सांगितलं, "दोन."

मग खोकत का नाही, असं ती त्याला रागावली. खोकला नाहीत तर छातीत पुन्हा पू साचेल, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं बजावून ती पुढे गेली.

शेजारच्या खाटेवरून वडपे गावचा तुळशीराम ऐकत होता. दोघांच्याही छातीत पू झाला होता आणि दोघांचंही दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. त्यानंतरचं दुखणं कशाने जास्त थांबतं, हे भिवंडीच्या या इस्पितळातले डॉक्टर ताडून बघत होते. दोघांनीही त्याला होकार दिला होता. कोणाला काय द्यायचं, याच्या चिठ्ठ्या निघाल्या. तुळशीरामच्या पाठीत बारीक नळी बसली आणि तिच्यातून बधिर करणारं औषध सारखं उतरत राहिलं. अब्दुलच्या वाट्याला इंजेक्शनं आली. फार दुखलं तर जास्तीचं मिळत होतं, पण ते मागावं लागे. अब्दुल मागत नव्हता.

साजिदा पोटुशी होती. ती चहा आणायला खाली गेली की अब्दुल चादरीचा बोळा तोंडात कोंबायचा. ती आली की हसायचा.

तुळशीरामने श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातल्या तिन्ही गोळ्या दम ओढून वर नेल्या, तेव्हा सिस्टरने अब्दुलला म्हटलं, बघा, काका कसं करतात. तुळशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भूल देणाऱ्या मनाली डॉक्टर फेरीला आल्या, तेव्हा त्याने आपली नळी काढून अब्दुलला लावायला सांगितलं. त्यांनी समजावलं की तसं होत नसतं. शिवाय तो दोनच सांगतोय. ज्याचं दुखणं त्यालाच कळणार.

"खोटं सांगतो तो," साजिदाच्या देखतच तुळशीराम म्हणाला. "बायको गेली का चादर चावतो."

अब्दुलने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी त्याच्या उशाची चादर उचलली. तिचा कोपरा ओला होता. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्याच्या मुठी सैल पडल्या आणि त्याला झोप लागली. आणखी दिलं तर श्वास मंदावेल, जागा झाला की त्याला खोकायला लावा, असं साजिदाला सांगून डॉक्टर गेल्या.

साजिदा बराच वेळ नवऱ्याकडे बघत बसली. मग स्टूल ओढून तुळशीरामजवळ आली.

"चाचा, ते मला सांगणार न्हाईत," ती हळूच म्हणाली. "तुमचं पण तेच ऑपरेशन झालंय. खोकताना किती दुखतं, तुम्ही तरी खरं सांगा."

तुळशीरामने तिच्याकडे पाहिलं.

"मला न्हाय ठाव, पोरी," तो म्हणाला. "मला दुखलंच न्हाय."