उद्याचे सव्वाचार

नेरच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात वाहिद सकाळपासून एकाच कॉम्प्युटरशी डोकं फोडत होता. वकिलाचा कारकून अवधूत तो घेऊन आला होता. सेटिंगमध्ये आजची तारीख घालून सेव्ह करावं, मशीन पुन्हा सुरू करावं, की घड्याळ थेट उद्याच्या दुपारी सव्वाचारवर.

"आतला बटनसेल संपला का घड्याय मागं जाते," वाहिद करवादला. "हे पुढं काहून पयते?"

"नवा टाका ना, वाहिदभाऊ."

"दोन टाकून पाह्यले! पहिले कोनी हात लावलता याले?"

"कोनीच नाही. घेतल्यापासून खोललंच नाही."

वैतागून वाहिदने सेल उपसला, सगळी सेटिंग पुसली आणि सेलशिवायच मशीन चालू केलं.

उद्याचे सव्वाचार.

त्याने स्क्रूड्रायव्हर आपटला. त्या धक्क्याने सकाळी याच मशीनमधून काढलेला जुना, मेलेला सेल टेबलावर घरंगळत आला. सेल बसवला की त्यावर मार्करने त्या दिवसाची तारीख टाकायची, ही वाहिदची वीस वर्षांची सवय. त्याने सहज सेलवरची धूळ अंगठ्याने पुसली.

खाली तारीख होती. शाई विटलेली, जुनाट. अक्षर त्याचंच.

तारीख सालासकट उद्याची.