आभारांच्या यादीतलं पहिलं नाव

दुपारी एक वाजता रेडिओवर श्रुतिका लागायची आणि नेमकं तेव्हाच तळघरात सराव करणाऱ्या पोरांचं थ्रॅश मेटल, ते कानठळ्या बसवणारं संगीत, टिपेला पोचायचं. हेडविगबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवऱ्याची जुनी काठी उचलून त्या जमिनीवर तीनदा आपटायच्या. गंमत म्हणजे, पोरं लगेच गप्प व्हायची. वर्षभर हे असंच चाललं होतं.

आज त्यांच्यातला ड्रमर, उवे, दारात उभा होता. नखांत खाणीतला कोळसा, हातात कवटीच्या चित्राची नवीकोरी रेकॉर्ड.

"आजी, पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्रती संपल्या! अख्ख्या जर्मनीत एवढ्या वेगानं कुणी वाजवलंच नव्हतं म्हणतात. मागे आभारांची यादी आहे बघा. पहिलं नाव तुमचं."

"माझं? मी काय केलं रे?"

"वाजवायला बसलो की आम्हाला वेळेचं भान राहत नाही. खाणीतली दोनची पाळी चुकू नये म्हणून रोज एकला काठी आपटायचात ना तुम्ही? नोकरी गेली असती, तर पैशाविना ही रेकॉर्ड कुठली निघायला!"

खरं सांगायचं सोडून त्यांनी रेकॉर्ड उलटली आणि यादीतल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. नवऱ्याच्या पाळीची वेळ त्यांनी तीस वर्षं सांभाळली होती. तेव्हाही कुणी आभार मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ लावलाच नाही. खालचा दणदणाट ऐकत, घड्याळावर नजर ठेवून बसल्या. बरोबर एक वाजता काठी तीनदा आपटली. पाळीसाठी.